लतिकाचं अवजार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लतिका निनावेने आंघोळ केली, धुतलेली साडी नेसली, देवाला हात जोडले आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आणि कॉम्प्युटर बोंबलायला लागला. पीं, पीं, पीं, पीं. पडदा काळा तो काळाच. एरवी एकच बारीक 'टिक' करून निमूट सुरू होणारं ते यंत्र आज टिटवीसारखं ओरडत सुटलं होतं. तिने बटण दाबून धरलं, तेव्हा कुठे ते गप्प झालं. जरा दम खाऊन तिने पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच, पीं, पीं, पीं, पीं.

लतिकाच्या तोंडचं पाणी पळालं. आज दुपारी बाराला तिची परीक्षा होती.

सत्तेचाळीस वर्षांच्या बाईची कसली आलीय परीक्षा, असं कोणी म्हणेल. तांडापेठेतल्या निम्म्या बायका तसं म्हणतच होत्या. पण ही परीक्षा खरी होती. मुंबईच्या एका कंपनीला जुनी मराठी कागदपत्रं घरी बसून टाइप करून देणारी माणसं हवी होती, आणि लतिकाला टाइपिंग येत होतं. नुसतं येत नव्हतं, चांगलं येत होतं. लग्नाआधी उमरेडला ती टाइपिंगच्या क्लासला जायची, तेव्हा तिच्या मशीनची टकटक ऐकायला बाकीच्या मुली हात थांबवून बसत. मग लग्न झालं, नागपूर आलं, सर्टिफिकेट ट्रंकेत गेलं, आणि तीच बोटं पुढची सगळी वर्षं कणीक मळण्यात आणि मेथी निवडण्यात गेली. त्यात वाईट काही नाही. पण बोटांना जे येतं ते बोटं विसरत नाहीत, आणि दुपारी पडल्या पडल्या लतिकाची बोटं उशीवर आपोआप हलायची. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

तिची मुलगी अदिती पुण्याला नोकरीला लागली आणि तिने आपला जुना कॉम्प्युटर आईच्या हवाली केला. त्यात जुन्या टाइपरायटरसारखीच अक्षरं बसवून दिली, कंपनीकडे आईचं नाव नोंदवलं. अट एवढीच, की ज्या मशीनवरून नाव नोंदवलं त्याच मशीनवरून परीक्षा द्यायची. दुसरं मशीन चालणार नाही, मोबाइल तर नाहीच. वेळ चुकली की संधी गेली, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीचं कोणी पाहिलंय? पावसाळाभर, घर रिकामं झालं की लतिका त्या कॉम्प्युटरपुढे बसत आली होती, आणि आज हा असा.

"काय झालं वं? काहून बोंबलून राहिला हा?" ओल्या केसांवर पंचा घासत केशव खोलीत आला.

केशव म्हणजे लतिकाचा नवरा. इतवारीत भांड्यांच्या ठोक दुकानात काम करतो. दिवसभर पितळेच्या आणि स्टीलच्या खणखणाटात राहून त्याचा आवाजही तसाच झाला आहे.

"मले काय माहीत जी? बटन दाबलं अन् याचं पीं पीं चालू झालं."

"लाव आनखी कुकू!" तो म्हणाला, आणि लतिकाने पडद्याच्या कडेवरून नजर काढून घेतली.

कारण सकाळपासून ती नेमकी तीच गोष्ट मनातून ढकलत होती.

तिचे वडील, लहानूजी, उमरेडला हातमागावर लुगडी विणत. खंडेनवमीला ते मागाची पूजा करत. धोट्याला हळदीकुंकू, फणीवर झेंडूचं फूल, चार अक्षता, आणि मग दिवसभर मागाला हात लावायचा नाही. वर्षभर जे आपल्यासाठी राबतं त्याला एक दिवस विसावा. एरवी मात्र ते एकदा मागावर बसले की घरात कोणी त्यांना हाक मारत नसे. दारात कोणीही येवो, पाटील येवो की पाहुणा, आई पदर सावरत एवढंच म्हणायची, "ते मागावर बसले हायेत." आणि आलेला माणूस न बोलता ओट्यावर बसून राहायचा. त्या वाक्यात काय जादू होती ते लहानपणी लतिकाला कळत नसे. एवढं मात्र कळायचं, की आई कधी स्वयंपाकाला बसली, तर असं कोणी कोणाला सांगत नाही.

लग्नानंतर दर खंडेनवमीला तिने केशवच्या स्कूटरला कुंकू लावलं, सासऱ्यांच्या करवतीला लावलं, घरातल्या विळीला, खलबत्त्याला लावलं. या वर्षी पहिल्यांदा तिचं म्हणून एक अवजार घरात होतं. केशव दुकानात गेल्यावर तिने कॉम्प्युटरवर घातलेला क्रोशाचा रुमाल धुवायला काढला, यंत्र पुसून लख्ख केलं, पडद्याच्या कडेला कुंकवाचं बोट टेकवलं आणि कीबोर्डवर चार अक्षता वाहिल्या. संध्याकाळी केशवने ते बोट पाहिलं मात्र.

"कंपुटरले कुकू लावते का कोणी? बह्याड झाली का वं?" एवढं म्हणून तो हसला होता. ते हसणं तिला अजून टोचत होतं.

आणि आता हा पीं पीं. अक्षता नक्की कुठेतरी आत गेल्या. आपल्याच हाताने आपण आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. आणि हे त्याला सांगायचं? सांगितलं तर तो जन्मभर सांगत सुटेल. इतवारीतल्या गिऱ्हाइकांना, पोरीच्या सासरच्यांना, ज्यांचा अजून पत्ताही नाही त्यांनासुद्धा.

तिने अदितीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. टेबल म्हणजे जुन्या शिलाई मशीनचंच टेबल. त्यावर पडदा आणि कीबोर्ड, आणि शेजारी चौरंगावर कॉम्प्युटरचा मोठा डबा. उभा ठेवला की खिडकी लागत नसे, म्हणून तो आडवा झोपवलेला. त्याच्या बाजूच्या पत्र्याची जाळी केव्हाचीच तुटलेली, आणि डबा आडवा असल्यामुळे ते गोल भोक आता आभाळाकडे तोंड करून होतं. एरवी त्यावर क्रोशाचा रुमाल असायचा. तो नवमीपासून दोरीवरच होता.

"आई, तू आधी घाबरू नको," अदिती म्हणाली. "आवाज नीट ऐकून सांग. लांब येऊन राहिला का आखूड?"

"आखूड," लतिका म्हणाली.

"लांब," केशव मागून म्हणाला.

"अजी, आखूड हाये."

"मले कान नाहीत का? लांब हाये."

"बाबा, तुमी उलीसे चूप राहा ना," अदिती कळवळून म्हणाली. "आई, आधी कीबोर्ड काढून पाय. एखादी कळ दबून राहिली असन तं मशीन ओरडते."

लतिकाने वायर ओढली. केशवची पाठ वळल्याचं पाहून तिने कीबोर्ड उलटा केला आणि हळूच आपटला. दोन अक्षता तिच्या तळहातावर पडल्या, हळदीने पिवळ्या झालेल्या. तिने मूठ आवळली. वाईट वाटायच्या आधी तिला बरंच वाटलं. चला, सापडला चोर. आता सुरू होईल.

बटण दाबलं. पीं, पीं, पीं, पीं.

म्हणजे बाकीच्या दोन अजून आत होत्या! कुठे आत, देव जाणे. घड्याळाकडे पाहायचं नाही असं तिने ठरवलं होतं आणि तिची मान सारखी तिकडेच वळत होती. अकरा वाजून गेले होते. स्वयंपाक तसाच पडला होता. कपाळावर घाम, हातात अक्षता, आणि कानात ते पीं पीं. बंद केलं तरी कानात चालूच.

या सगळ्यात केशवचं काय चाललं होतं तेच तिला कळेना. त्याने हातात टॉर्च घेतली होती आणि तो टेबलाखाली शिरला होता. मग चौरंगाखाली. मग त्याने चौरंगावरचं कापड उचलून झटकलं. मग कपाटाच्या मागे हात घालून चाचपलं.

"तिथी काय पायता जी?"

"वायर पाहून राहिलो."

"वायर कपाटामागं कशी जाईन?"

"तू तुह्यं पाय ना!" तो खेकसला.

आज दुकानं उघडली होती. दसऱ्याची सुट्टी संपली होती. एव्हाना हा माणूस इतवारीत असायला हवा होता. मग हा घरी काय करतोय? लतिकाच्या डोक्यात एक विचार आला आणि आला तो हलेचना. कॉम्प्युटर घरी आला तेव्हा केशव म्हणाला होता, "काय गरज हाये? तुले काय कमी हाये घरात?" त्यानंतर तो या विषयावर बोललाच नव्हता. ती सराव करताना तो आला की नुसता उभा राहायचा आणि निघून जायचा. भांडला असता तर तिने सोसलं असतं, पण हे गप्प राहणं तिला कधी वाचताच आलं नाही.

"आई, आता वरचं झाकण काढावं लागते," अदिती म्हणाली. "आतमंदी एक पंखा हाये. तो फिरला नाही ना, तं मशीन गरम होऊ नये म्हणून ओरडते अन् चालूच होत नाही. पेचकस घे."

"झाकण उघडू नको!" केशव एकदम म्हणाला.

"काहून?"

"आत करंट असते. आनखी काही बिघडलं तं?"

"बाबा, वायर काढल्यावर कायचा करंट?"

"नाही म्हटलं ना! मी संध्याकाळी माणूस बोलावतो."

संध्याकाळी! लतिकाने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या आत जे सकाळपासून खदखदत होतं ते उतू गेलं.

"संध्याकाळी कायले? तेरवीले बोलवा ना!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "सरळ सांगा ना जी, तुमाले मी परीक्षा द्यावी असंच वाटत नाही. आज दुकानातबी नाही गेले. कायले राहिले घरी? माही फजिती पाहाले?"

केशव चौरंगापासून एक पाऊल मागे सरला. इतक्या वर्षांत लतिका त्याच्यावर अशी कधी ओरडली नव्हती. ओरडायचं होतं तेव्हाही नाही.

डाव्या मुठीतल्या अक्षता तशाच धरून तिने शिलाई मशीनच्या खणातून पेचकस काढला, भिंतीतली पिन उपटली आणि स्क्रू फिरवायला घेतले. एक सहज निघाला. दुसरा निघेना. तिने दात खाऊन जोर लावला, पेचकस घसरून हाताला लागला, तरी सोडला नाही. केशव दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे गेला. शेवटी पत्रा सुटला. तिने तो उचलून भिंतीला टेकवला आणि आत वाकून पाहिलं.

आत धूळ होती, तारांचा गुंता होता. त्या तुटक्या भोकाच्या बरोबर खाली छोटा काळा पंखा होता, आणि त्याच्या पात्यांमध्ये एक पान अडकलं होतं. सुकायला आलेलं, कड फाटलेलं, दोन पानं देठाशी जोडावीत तसं. आपट्याचं पान.

अक्षतांचा एक दाणाही तिथे नव्हता.

लतिकाने ते पान चिमटीत धरून हळूच ओढून काढलं आणि उजेडात धरलं. घरातलं सोनं तर तिने काल रात्रीच देवापुढच्या ताटात ठेवलं होतं.

"हे कुठून आलं जी?"

केशवने खिडकीकडे पाहिलं. "हवेनं आलं असन."

"खिडकी तं लागलेली हाये."

केशव खाली बसला. चौरंगाशेजारी, जमिनीवरच. भांडी विकणारा, मोठ्याने बोलणारा, अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असा हसणारा हा माणूस आता फरशीवर नखाने रेघा ओढत होता.

"मीच ठेवलं," तो म्हणाला. "काल सीमोल्लंघनाहून आलो, साऱ्या गल्लीले सोनं देल्लं. तू आतमंदी ओवाळाचं ताट करून राहिली होती. म्हटलं, या मशीनलेबी द्याव. उद्या तूच बसणार हाये याच्यावर. मोठं पाहून एक पान काढलं अन् वरतं ठेवलं. सकाळी पायतो तं पान नाही. म्हटलं, खाली पडलं असन. खालीबी नाही. तवापासून माहा जीव..."

"मंग बोलले काहून नाही?"

"कोणत्या तोंडानं बोलू? नवमीले मीच तुले बह्याड म्हटलं."

तिला राग आला होता, आणि रागाच्या पाठोपाठ हसू, आणि डोळे भरून आले ते वेगळंच. सकाळपासून दोघंही एकाच खोलीत एकमेकांपासून चोरी लपवत फिरत होती. ती मुठीत अक्षता धरून, आणि तो टॉर्च घेऊन कपाटामागे.

तिने मूठ उघडली. घामाने भिजलेल्या दोन पिवळ्या अक्षता तळहाताला चिकटल्या होत्या.

"हे माहं," ती म्हणाली. "कीबोर्डातून निघालं."

केशवने त्या अक्षता पाहिल्या, मग पान पाहिलं, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा त्याच्या ओठांची कड हलली.

"अन् दुकानात काहून नाही गेले?"

"शेठले सांगतलं, घरी काम हाये."

"कोणतं काम?"

"तुही परीक्षा."

तो सहज म्हणाला, दुकानात जातो म्हणावं तसं.

"आई!" टेबलावरून आवाज आला. फोन चालूच होता, आणि पुण्यात बसलेल्या पोरीने सगळं ऐकलं होतं. तिचा आवाज ओला झाला होता. "आई, बाबा, ते सारं मंग करा. आधी मशीन चालू करा ना!"

लतिकाने पिन लावली. देवाचं नाव घ्यायचंही तिला सुचलं नाही. तिने बटण दाबलं. पंखा एकदा अडखळला, मग भर्रकन फिरला. टिक. एकच. काळ्या पडद्यावर निळा उजेड पसरत गेला. केशव अजून खालीच बसला होता, त्या फिरणाऱ्या पंख्याकडे पाहत.

कीबोर्ड जोडला. पत्रा बसवला. स्क्रू लावायला वेळच नव्हता. दोरीवरचा रुमाल केशव धावत जाऊन घेऊन आला आणि त्या भोकावर पसरायला लागला. "अजी, चालू असताना नाही, हवा पायजे त्याले," असं अदितीच्या भाषेत लतिकाने सांगितलं, तेव्हा तो रुमाल खांद्यावर टाकून उभा राहिला. कंपनीची पाटी पडद्यावर आली. खोलीत दुसरं कोणी असू नये, टेबलावर काही असू नये, असं तीत लिहिलं होतं.

"जातो मी," केशव म्हणाला.

"थांबा." लतिकाने ते पान त्याच्या हातात दिलं आणि आपला तळहात पुढे केला. "सोनं मशीनवर नाही ठेवत जी. हातात देतात. आता द्या."

केशवने पान धरलं. दरवर्षी साऱ्या गल्लीला, कोपऱ्यावरच्या पानवाल्यालासुद्धा तो ठरलेले शब्द घडाघडा म्हणत असे. आता त्याला ते आठवेनात.

"सोनं घे," तो म्हणाला. "सोन्यासारखी..." आणि अडला. पुढचं काय ते शोधत त्याने पडद्याकडे पाहिलं, कीबोर्डकडे पाहिलं. "सोन्यासारखी टाइप कर."

फोनवर अदिती हसली की रडली ते कळलं नाही, कारण लतिकाने फोन बंद करून त्याच्याच हातात कोंबला. तो बाहेर गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. तिने पान पदराच्या टोकाला बांधलं, गाठ कमरेला खोचली, आणि खुर्ची पुढे ओढली.

बारा वाजले. पडद्यावर मजकूर उघडला. कुठल्याशा जुन्या शेताच्या हद्दीचा, ओढा इकडून आणि बांध तिकडून असा लांबलचक. लतिकाने बोटं कळांवर ठेवली. पेचकस लागला होता तिथे ठणकत होतं. पहिल्या ओळीत दोन चुका झाल्या. सगळं गेलं, असं वाटलं. मग तिने उमरेडच्या क्लासमध्ये करायची तसं, बोटांकडे पाहायचं सोडून दिलं. दुसरी ओळ नीट उमटली. तिसरी अजून नीट. टकटक जरा जरा एका चालीत यायला लागली.

आणि तेवढ्यात बाहेर फाटक वाजलं.

"लतिका हाये का जी? काल येनं झालं नाही, म्हटलं आज सोनं देऊन याव."

शेजारच्या प्रेमिलाकाकू. त्यांचा आवाज म्हणजे वेगळी घंटा नको. लतिकाची बोटं कळांवर तशीच थबकली. आता पुढे काय होणार हे तिला पाठ होतं. कोणीही आलं की केशव जिथे असेल तिथून हाक मारायचा, लतिका, पाय वं कोण आलं! ती स्वयंपाकात असो, अंघोळीत असो, तापाने निजलेली असो. लग्न झाल्यापासूनची ती हाक. आता ती येणार, दार उघडणार, पडद्यावरच्या कॅमेऱ्याच्या डोळ्याला खोलीत दुसरं माणूस दिसणार.

हाक आली नाही.

"बसा जी ओट्यावर," केशव म्हणाला. इतक्या हळू आवाजात तो बोलू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. "आता नाही भेटत. ती मशीनवर बसली हाये."

मग ओट्यावर कोणीतरी टेकल्याचा आवाज आला, आणि बांगड्यांचा, आणि मग तोही थांबला.

लतिकाच्या डोळ्यांपुढची ओळ पुसट झाली. तिने मनगटाने डोळे पुसले, कारण बोटं उचलायची नव्हती. उमरेडचं घर, आईचा पदर, ओट्यावर मुकाट बसलेला पाटील, सगळं एकदम आलं आणि गेलं. ओढा जिथे वळत होता तिथून तिने पुढे टाइप करायला घेतलं. प्रेमिलाकाकू किती वेळ बसल्या, कधी उठल्या, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.